फॉर्च्युनरवर रूफटॉप टेंट: आधी छताचा हिशोब करा, मग टेंट घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की फॉर्च्युनर आहे, वर कंपनीच्या रूफ रेल (छताच्या दोन्ही कडांच्या लांब पट्ट्या) आहेत, छतावर घडी करून न्यायचा आणि मुक्कामाला तिथेच उघडून झोपायचा साधारण ६० किलोचा दोन माणसांचा टेंट बघून ठेवलाय आणि सप्टेंबरमध्ये मनालीवरून स्पितीला जायचंय. गॅरेजवाला म्हणतो छताला चार बोल्ट मारून लोखंडी कॅरिअर पक्का करून देतो, टेंट विकणारा म्हणतो बिनधास्त बसवा, छत ३०० किलो घेतं. आणि तुम्ही विचारताय की या दोघांत कोणाचं ऐकू.

कोणाचंच नका ऐकू. मी पुण्यात कॅरिअर, क्रॉसबार (छतावर आडवे बसणारे दांडे) आणि टेंट बसवायचंच काम करतो, बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी तो ३०० किलोचा आकडा. छताला दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. एक गाडी चालू असतानाची, तिला डायनॅमिक लोड म्हणतात, आणि दुसरी गाडी उभी असतानाची, ती स्टॅटिक. टेंटवाले नेहमी स्टॅटिक सांगतात कारण तो आकडा मोठा असतो. गाडी सपाट जागी उभी असेल तर वजन सरळ खाली पिलरवर येतं, धक्का नाही, ब्रेक नाही, वळण नाही, म्हणून दोन माणसं, एक पोरगं, गाद्या आणि टेंट मिळून २४०-२५० किलो झाले तरी चांगल्या रॅकवर ते पेलतं. पण तीच गाडी ६० च्या स्पीडला खड्ड्यात आपटली की वरचे ६६ किलो (६० चा टेंट आणि सहाचे बार) क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन बसतात, म्हणजे २०० किलोच्या आसपास, आणि तेही सरळ खाली नाही तर कधी पुढे कधी बाजूला. म्हणून चालू गाडीची मर्यादा कमी असते. टेंट विकत घेताना बघायचा आकडा हाच, झोपतानाचा नंतर.

हा आकडा गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो, रूफ लगेज कॅरिअर किंवा रूफ लोड असं शोधा. गाडीगणिक फार फरक पडतो हो. सुझुकीच्या जिम्नीला छतावर फक्त ३० किलो आहेत, म्हणजे बाजारातले बहुतेक टेंट तिथे पहिल्याच पायरीवर बाद, आणि तरी लोक ५०-५५ किलोचे टेंट बसवून मिरवतात. थारच्या तीन दरवाज्यांच्या मॉडेलचा हार्डटॉप फायबरचा आहे, पत्र्याचा नाही, त्यावर टेंटचं वजन टाकायचंच नसतं, तिथे वजन बॉडीवर नेणारी वेगळी बाहेरची फ्रेम लागते. त्यामुळे "माझ्या मित्राने बसवलाय, काही झालं नाही" हा पुरावा धरू नका, मित्राची गाडी वेगळी असते.

आता मॅन्युअलचा आकडा मिळाला तरी तो एकटा पुरत नाही. छताची मर्यादा, रेलची मर्यादा, क्रॉसबारची मर्यादा, या तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान तोच तुमचा आकडा. १०० किलो पेलणारे बार आणलेत म्हणून ७५ किलोचं छत १०० चं होत नाही. आणि त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, इथेच सगळे फसतात. समजा तुमची मर्यादा ७५ किलो निघाली (उदाहरण म्हणून घेतोय, तुमचं मॅन्युअल बघून खरा आकडा टाका). आपल्याकडे फॅब्रिकेटर जो चौकोनी पाइपचा लोखंडी कॅरिअर बनवून देतो तो आरामात ३५ किलो भरतो. त्यावर ६० किलोचा टेंट म्हणजे ९५, वीस किलो जास्त, आणि अजून तुम्ही गाडी चालू पण केली नाही. तेच ॲल्युमिनियमच्या दोन क्रॉसबारची जोडी पाच-सहा-सात किलोची असते, टेंट धरून ६६-६७, म्हणजे बसलं. टेंटसाठी पूर्ण जाळीचा कॅरिअर लागतच नाही, टेंटला स्वतःचा तळ असतो, त्याला फक्त आडवे मजबूत दोन बार हवेत. लोखंडी कॅरिअर दिसायला दणकट दिसतो हे मला मान्य आहे पण तो दणकटपणा तुम्ही छताच्या खिशातून काढताय.

आणि हे झालं डांबरी रस्त्याचं. स्पितीसाठी ग्रांफू ते काझा रस्ता तुम्हाला माहितीच असेल, दगड, नाले, तासन्‌तास पहिला-दुसरा गिअर. काही रॅक बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात की कच्च्या रस्त्यावर मर्यादा दीडने भागा. ७५ भागिले १.५ म्हणजे ५०. मग तुमचा ६६ किलोचा सेटअप तिथे जास्तच झाला. यावर उपाय दोन, एक तर हलका टेंट घ्या, कापडी कव्हरवाले दोन माणसांचे ४०-४५ किलोच्या आसपास मिळतात, किंवा ज्या गाडीच्या रेल आणि छत जास्त घेतं तिच्यावर हा बसवा. तिसरा बार टाकू का असं बरेच जण विचारतात. तिसऱ्या बारने वजन जास्त ठिकाणी वाटलं जातं, टेंटचा तळ कमी वाकतो, ते चांगलंच आहे, पण छताची मर्यादा त्याने वाढत नाही आणि त्या बारचं वजन मात्र वाढतं. मला विचाराल तर या रस्त्यासाठी मी कापडी हलका टेंटच सांगतो, हार्डशेल, म्हणजे कडक कवचाचा टेंट, कितीही पटकन उघडत असला तरी.

रेलकडे येऊ. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर ज्या रेल दिसतात त्या शोभेच्या असतात, वजन घ्यायला बनवलेल्याच नसतात. तुमच्या नेमक्या कुठल्या आहेत ते बघायला रेलच्या टोकाचं प्लास्टिकचं झाकण हलक्या हाताने पान्याशिवाय काढा, प्लास्टिकच्या पट्टीने उचकटलं की येतं. खाली काय दिसतं ते नीट बघा. धातूचा पाया, त्यातून खाली गेलेला जाड बोल्ट आणि खाली पत्र्यात वेल्ड केलेला नट असेल तर रेल कामाची. प्लास्टिकचा पाया, बारीक स्क्रू किंवा नुसत्या क्लिपा आणि चिकटपट्टी असेल तर त्यावर सायकलसुद्धा टाकू नका. बोटाने वाजवून पण थोडा अंदाज येतो पण माझा भरवसा झाकण काढून बघण्यावर. आणि मॅन्युअलमध्ये रेलवर वजन ठेवू नका असं लिहिलेलं असेल तर विषय संपला, मग पाया काहीही दिसो.

बोलेरो किंवा जिम्नीसारख्या गाड्यांना छताच्या कडेने पाणी वाहून जायची पन्हळ असते, तिथे पन्हळीला पकडणारे क्लॅम्प येतात, ते चांगले बसतात. बिनरेलच्या गाड्यांना दाराच्या चौकटीत पकडणारे येतात, त्यावर टेंट बसतो पण मर्यादा आणखी जपून बघायची, आणि दर काही दिवसांनी त्या पकडीखालचा पेंट तपासायचा.

आता गॅरेजवाल्याचं ड्रिल. कृपा करून छताला भोकं पाडू देऊ नका. सगळ्यात मोठं कारण म्हणजे कर्टन एअरबॅग. छताच्या दोन्ही कडांना, आतल्या कापडी अस्तरामागे, पुढच्या पिलरपासून मागेपर्यंत एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, सोबत तिची वायर आणि गॅसचा इन्फ्लेटर. तुमच्या गाडीत त्या आहेत. रेलच्या जवळ ड्रिल मारणारा माणूस आत काय आहे हे न बघता मारतो आणि तिथे बिट गेलं तर एक तर एअरबॅग वेळेला उघडणार नाही नाहीतर तिथल्या तिथे उघडेल. दुसरं, बाहेरचा पत्रा मिलिमीटरभर पण जाड नसतो, बोल्ट त्यावर कितीही मोठा टाकला तरी पत्रा भोकाभोवती वाकतो आणि फाटत जातो, वजन घेतात ते आतले आडवे बो (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि कडेची चौकट, मधला पत्रा नाही. तिसरं आपल्या पावसाचं, सिलिकॉन कितीही थापलं तरी दोन पावसाळ्यांत पाणी आत येतं, गंज धरतो आणि तो गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, तेव्हा वेल्डिंग आणि ड्रिलिंग केलेली फ्रेम आणि पान्याने सुटणारा क्लॅम्पवाला बार यात पोलीस आणि इन्शुरन्सवाला दोघंही फरक करतात हे लक्षात ठेवा.

बसवायच्या दिवशी कमीत कमी चार माणसं हवीत. दोन माणसांनी ६० किलोचा टेंट खांद्याच्या वर उचलायला गेलं की एकतर कंबर जाते नाहीतर छताचा पेंट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये असाल तर आधी गाडी मोकळ्या जागी आणा. छतावर जुनं ब्लँकेट टाका. बार लावताना रेल पुसून कोरडी करा, धूळ आणि पॉलिश राहिली तर क्लॅम्प घसरतो. दोन बारमधलं अंतर टेंटवाल्याने सांगितलेलंच ठेवा, साधारण ७० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, आणि शक्य तितकं जास्त, कारण बार जवळ-जवळ आले की टेंटची दोन्ही टोकं हवेत लटकतात आणि ब्रेकला डोलतात. टेप लावून डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडचं अंतर मोजा, बार तिरका बसला तर एका बाजूचा बोल्ट जास्त ओढतो.

बार बसला की आधी त्यावरच एक चाचणी करा. बार दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली जोरात हलवा. पूर्ण गाडी स्प्रिंगवर हलली पाहिजे, बार नाही. बार गाडीपासून वेगळा हलत असेल, कट् आवाज येत असेल किंवा क्लॅम्पखाली चकाकणारी रेघ दिसत असेल तर टेंट वर चढवूच नका, आधी ते सोडवा.

टेंटच्या तळाला ॲल्युमिनियमचे दोन लांब चॅनेल असतात, त्यांच्या खोबणीत बोल्टची डोकी सरकतात आणि खाली बारच्या भोवती पट्टी घेऊन नट लागतो. टेंट कमीत कमी चार ठिकाणी, जमलं तर सहा-आठ ठिकाणी पकडा. बोल्टची डोकी खोबणीत तिरकी तर बसली नाहीत ना, हे प्रत्येक बोल्टला बोटाने चाचपून बघा, तिरकं डोकं घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर खटकन सरळ होतं, मग सगळा बोल्ट सैल. सगळे नट आधी हाताने लावा, मग आडवे-तिरपे थोडे थोडे आवळा, एकच कोपरा शेवटपर्यंत आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका.

रबरी वायसर बार आणि पट्टीच्या मध्ये टाकायचा मोह होतो, आवाज कमी होईल म्हणून. टाकू नका. रबर दबत राहतं, उन्हात नरम होतं, आणि जेवढं दबलं तेवढी आवळणी कमी झाली. टेंटवाल्याने दिलेली धातूची पट्टी आणि स्टीलचा रुंद वायसर तेवढाच. नट नायलॉक, म्हणजे ज्याच्या आत निळं किंवा पांढरं नायलॉनचं कडं असतं तो, आणि तो दोन-तीनदा काढून लावला की नवा घ्या, किंमत चहाएवढी. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की आटे एकमेकांत वितळल्यासारखे चिकटतात आणि बोल्ट जाम होतो, मग कापावा लागतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणारं वंगण) बारीक थर द्या आणि सावकाश आवळा, नट आवळायची गन लावू नका. अँटी-सीझ लावल्यावर तोच पाना जास्त घट्ट आवळतो, त्यामुळे टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, वरच्या आकड्यापर्यंत नेऊ नका. टॉर्क टेंटच्या मॅन्युअलमध्ये असतो, या एम८ बोल्टना साधारण १० ते १५ न्यूटन-मीटर, म्हणजे बारीक आकडा, मोठ्या पान्याने चाकाच्या नटासारखं ओढलं तर चॅनेल चेमटून जातं. छोटा टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडे चक्कर मारू नका, त्यांचा पाना चाकाच्या नटांच्या मोठ्या आकड्यांसाठी असतो, छोटा विकत घ्या.

शेवटी प्रत्येक नटावर आणि बारवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा, नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. टेंट उघडायला वाकलात की नजर जाते, पाना काढायची गरजही नाही.

बसवण्याची दिशा दोन गोष्टींनी ठरते. हार्डशेल एका बाजूला उघडणारा असेल तर बिजागरी पुढे, वाऱ्याकडे, म्हणजे लॅच सैल झाली तरी वारा झाकण उघडत नाही, दाबून ठेवतो. कापडी टेंटमध्ये कव्हरची झिप पुढे येऊ देऊ नका, आणि शिडी उघडणारी बाजू डावीकडे किंवा मागे ठेवा, आपण डाव्या कडेला गाडी लावतो, उजवीकडे शिडी म्हणजे रात्री ट्रकच्या वाटेत उतरायचं. मग तीन ठिकाणी अडथळा तपासा: मागची शार्क-फिन अँटेना, वर उघडणारा मागचा दरवाजा आणि असलं तर सनरूफ. मागच्या दरवाज्याची उंची सेट करता येत असेल तर ती कमी करून ठेवा, नाहीतर बटण दाबलं की तो थेट टेंटवर आदळतो. सनरूफ वरच्या बाजूला तिरपं उघडणारं असेल तर काच टेंटच्या तळाला लागेल, म्हणून बटणावर टेप लावा, घरात मुलं असतील तर नक्की.

उंची विसरू नका. फॉर्च्युनर १८३५ मिलिमीटर उंच, त्यावर बार आणि टेंट मिळून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. मॉलच्या बेसमेंटला बऱ्याचदा २.१ मीटरवर आडवे पाइप असतात, आपल्या सोसायट्यांच्या स्टिल्टमध्ये बीमखाली आणि पाण्याच्या पाइपखाली कधी कधी त्याहूनही कमी मिळतं. मोजून एक चिठ्ठी सनव्हायझरवर लावा. गाडी नेहमीच तुम्ही चालवाल असं नाही, वर टेंट आहे हे विसरणारा घरातलाच असतो.

आता चालवण्याचं. २१०० किलोच्या गाडीवर दोन मीटर उंचीला ७० किलो टाकले की गाडीचा गुरुत्वमध्य साधारण चार सेंटिमीटर वर जातो. ऐकायला कमी वाटतं पण घाटातल्या हेअरपिनला आणि अचानक लेन बदलताना ते कळतं, जिम्नीसारख्या हलक्या गाडीवर याच्या दीडपट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. १०० च्या वेगाला टेंटखाली शिरणारी हवा ३०-४० किलोच्या जोराने टेंट वर उचलायला बघते, त्यामुळे एक्सप्रेसवेवर ८०-९० ठेवा, मोठा ट्रक किंवा व्होल्वो शेजारून गेली की हिसका बसतो, स्टिअरिंग दोन्ही हातात ठेवा. अंतर वाढवा. डिझेल जास्त लागणारच. टायरचं प्रेशर पूर्ण भरलेल्या गाडीचं जे दारावरच्या स्टिकरवर असतं ते ठेवा, आणि पाच माणसं, सामान, टेंट धरून गाडीचं एकूण वजन मर्यादेत आहे ना हेही बघा, छत पास झालं म्हणून गाडी पास होत नाही.

पहिल्यांदा निघाल्यावर ५० किलोमीटरला थांबा आणि सगळे नट बघा, मग २०० ला, मग रोज सकाळी निघण्यापूर्वी. कच्च्या रस्त्यावर दर थांब्याला. वरून घूं-घूं आवाज येऊ लागला, पूर्वी येत नव्हता, तर तो वाऱ्याचा म्हणून सोडू नका, काहीतरी सरकलंय. मी टेंटच्या चॅनेलमधून आणि बारला गुंडाळून दोन रॅचेट पट्टे पण लावायला सांगतो, बोल्टच्या ऐवजी नाही, बोल्टच्या सोबत. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर तो वाजतो.

मुक्कामाला गाडी सपाट, हँडब्रेक, गिअरमध्ये, चाकाखाली दगड किंवा ओंडका. कापडी टेंटचा बाहेर लटकणारा अर्धा भाग शिडीवर टेकलेला असतो, म्हणून शिडी कडक जमिनीवर, साधारण ७०-७५ अंशाच्या कोनात, ओल्या वाळूत किंवा शेतातल्या मऊ मातीत असेल तर खाली फळी टाका. शिडी अर्धी उघडून कोणी वर चढू देऊ नका, पायऱ्यांचे लॉक दोन्ही बाजूंना बसले का हे आधी बघा. वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या तर टेंटमध्ये बसू नका, खाली गाडीत येऊन काचा बंद करा. आणि स्पितीच्या थंडीत कितीही वाटलं तरी टेंटमध्ये सिगडी, शेगडी, गॅस हीटर लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही.

ट्रिप संपली की टेंट उतरवून ठेवा. ऑफिसला जाता-येता शहरातल्या स्पीडब्रेकरवरून रोज ६० किलो नाचवून बारचे आणि रेलचे सांधे उगाच थकतात, शिवाय ओला टेंट घडी करून ठेवला की बुरशी धरतो. पार्किंगच्या छताला टांगायची पुली लावली तर दोन माणसांचं काम होतं.

तुमच्यासाठी आत्ता करण्यासारखं एवढंच: गॅरेजवाल्याला नाही म्हणा, मॅन्युअल उघडून रूफ लोडचा आकडा बघा, रेलच्या टोकाचं झाकण काढून पायाचा फोटो काढा, टेंटचं मॉडेल आणि वजन लिहा. हे तीन कळवा, मग त्या रस्त्याला हा टेंट चालेल की हलका घ्यायला लागेल आणि बार कुठले घ्यायचे ते मी सांगतो. टेंटचे पैसे त्याच्या आधी देऊ नका.